सदतीसच्या आसपास

बर्डीच्या दुकानात काउंटरवर
तीन डब्या उघडून ठेवल्या आहेत.
एकीला दुधी डोळा, उकडलेल्या माशासारखा.
दुसरी चपटी, चेहराच नसलेली.
तिसरीत दोघी एकत्र,
आणि किंमत दोघींच्या बेरजेहून जास्त.

प्रफुल टेंभुर्णे, आमच्या ले-आउटचा वायरमन,
पहिलीवर बोट ठेवतो :
"हे माणूस नाही पाहत मॅडम, माणसाची गरमी पाहते.
हवेपेक्षा अंग गरम, म्हणून दिसते.
आता मे महिन्यात आपल्याकडे
हवा अन् अंग सारखंच. मंग याले काय दिसन?
समोर उभे राहा, नाचा,
आंधळं होऊन जाते जी."

हे तो मला सांगतोय.
मला, जिनं सोनेगावच्या वेधशाळेत एकतीस वर्षं
पांढऱ्या झडपांच्या पेटीत डोकं घालून
पाऱ्याची उंची वहीत लिहिली.
मेचा शेवटचा आठवडा, रात्रीचे साडेआठ,
सदतीस पूर्णांक दोन.
त्या आकड्यापुढे मी कधी लिहिलं नाही
की आत्ता या गावात
कुणी कुणाला दिसत नसेल.
तसा रकानाच नव्हता.

दुसरी डबी लहरी सोडते, हललेलं सगळं टिपते.
सगळं म्हणजे?
"सगळं म्हणजे सगळं.
कूलरची वाळ्याची ताटी हलली, लागला लाइट.
कडुनिंबाची फांदी, लागला.
भिंतीपल्याड निमजे काका उठले, लागला."
निमजे रात्रीतून तीनदा उठतात.
त्यांच्या फेऱ्या माझ्या अंगणात उजेडाने मोजाव्यात
इतकी शेजारधर्माची मला हौस नाही.

तिसरी दोघींना विचारून ठरवते.
साक्ष जुळली तरच दिवा.
ऐकायला बरं वाटतं, कोर्टासारखं.
पण एक साक्षीदार मेमध्ये आंधळा,
म्हणजे खटला पार जुलैपर्यंत तहकूब.

मोटवानी शेट चहा मागवतात.
कशासाठी लावताय मॅडम, चोरासाठी?

मागच्या बाजूच्या तुटक्या पायरीसाठी.
गेल्या उन्हाळ्यात कूलर भरायला गेले,
तिच्यावरून पडले,
आणि दूधवाला येईपर्यंत तिथंच होते.
हे मी सांगत नाही.
चोरासाठीच, म्हणते.

पहिलीच घेतली.
तिच्या डबीवर निदान छापलंय :
उणे वीस ते चाळीस अंश.
उणे वीस आम्ही कुठून आणायचे
ते शेटनाही माहीत नव्हतं.

प्रफुलने सात फुटांवर बसवली, मान जराशी खाली,
शेजारच्या एसीच्या गरम वाफेकडे पाठ.
स्टुलावरूनच सांगत होता :
"सरळ तिच्याकडे चालत नका येऊ.
आडव्या जात जा. आडवं गेलं का लवकर दिसते."
(माझ्या थोरल्या बहिणीचंही असंच होतं.)
वेळेची खुंटी तीस सेकंदांवर फिरवून
तो शंभर रुपये कमी घेऊन गेला.

मार्चमध्ये दिवा लागला.
मांजराला लागला, पेपरवाल्या फैजानला लागला,
एकदा कुणालाच नाही, तरी लागला.
एप्रिलमध्ये जरा विचार करून लागायचा.

चोवीस मे. साडेआठ.
वही नाही, पण सवय आहे : सदतीस, थोडं वरच.
मी आडवी गेले. परत आले.
दोन्ही हात वर करून हलवले,
एखाद्या विमानाला बोलवावं तशी.
अंगण काळंच.
मी होते. हवा होती. दोघींत फरक नव्हता.

मग चाचपडत नळ सोडला,
आणि पाइप निसटला.
बोअरचं पाणी, थेट जमिनीच्या पोटातलं,
खांद्यापासून पायांपर्यंत.
मी ओरडले, बहुतेक शिवीच.

आणि दिवा लागला.

तापलेल्या भिंतीपुढे
काही अंशांनी कमी झालेली बाई
त्याला एकदम स्पष्ट दिसली.

तीस सेकंद असतात.
पायरी कुठे तुटलीय ते नीट पाहिलं,
पाय आडवा टाकला,
आणि पाइप हातात घेऊन उतरले.
कूलर अजून अर्धाच भरला होता.